महिन्याचे दोन दिवस वर्दीत

अमेरिकी लष्कराचं राखीव दल सुरू झालं तेच डॉक्टरांपासून. २३ एप्रिल १९०८ रोजी मेडिकल रिझर्व्ह कोअरचा कायदा झाला. एरवी आपापली प्रॅक्टिस करायची आणि गरज पडली की वर्दी चढवायची, असे डॉक्टर लष्कराला हवे होते. त्यातूनच पुढे सगळं राखीव दल वाढलं. आज त्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्टलाही जागा आहे. लष्करी भाषेत त्या पदाला '७३ बी' म्हणतात आणि ते मेडिकल सर्व्हिस कोअरमध्ये मोडतं. काम अर्धवेळ असतं. महिन्यातला एक शनिवार-रविवार (याला ड्रिल म्हणतात) आणि वर्षातले साधारण दोन आठवडे द्यावे लागतात. बाकीच्या दिवशी तुमचे पेशंट आणि तुमचं क्लिनिक.

अमेरिकेत लायसन्स मिळवलेल्या मराठी मानसतज्ज्ञांसाठी ही कृती लिहितो आहे. भारतातून वाचणाऱ्यांना टेरिटोरियल आर्मी आठवेल. तिथेही नोकरी-धंदा सांभाळून अधिकारी होता येतं आणि राजकारणात असलेले सचिन पायलट २०१२ मध्ये तसे झालेही. पण तिथे तुम्ही अधिकारी म्हणून जाता, मानसतज्ज्ञ म्हणून नाही. या दोन्ही वाटा एकमेकींत मिसळू नयेत.

आधी पात्रता बघा

नागरिकत्व हवंच. ग्रीनकार्डावर शिपाई म्हणून भरती होता येतं, अधिकाऱ्याचं कमिशन मिळत नाही. पदवी पीएचडी किंवा सायडी, क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग सायकॉलॉजीतली आणि एपीएची (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची) मान्यता असलेल्या अभ्यासक्रमातली लागते. इंटर्नशिपलाही तीच मान्यता लागते. पुण्या-मुंबईतली एम.फिल. आणि भारतातल्या पुनर्वास परिषदेची नोंदणी कितीही मेहनतीची असली तरी इथे चालत नाही. कोणत्याही एका राज्याचं चालू, निर्बंध नसलेलं लायसन्स पुरतं. लष्करी काम करताना तेच इतर राज्यांतही ग्राह्य धरतात. वय साधारण ४२ पर्यंत. त्यापुढे सवलत मागता येते, पण मिळेलच असं धरून चालू नका.

मग घरी आणि क्लिनिकमध्ये बोला

रिक्रूटरला फोन करण्याच्या आधी हे उरकायचं. बहुतेक जण उलटं करतात आणि मग रिक्रूटरच्या उत्साहात घरचे प्रश्न मागे पडतात.

करार एकूण आठ वर्षांचा असतो. त्यातला काही भाग नियमित ड्रिल न करता नुसतं नाव यादीत ठेवूनही काढता येतो, पण त्या काळातही बोलावणं येऊ शकतं. 'अर्धवेळ' या शब्दाला ही पुरवणी आहे: हुकूम आला की काही महिने पूर्णवेळ जावं लागतं. आणि धोका फक्त परदेशातच असतो असंही नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये टेक्सासमधल्या फोर्ट हूड तळावर गोळीबार झाला. त्यात मेलेल्या १३ जणांमध्ये परदेशी मोहिमेच्या तयारीसाठी जमलेले, राखीव दलाच्या मानसिक आरोग्य तुकड्यांतले लोकही होते. नवरा-बायको दोघांनी बसून बोलायचं ते हे सगळं धरून.

नोकरी असेल तर १९९४ चा युसेरा कायदा पाठीशी आहे. लष्करी सेवेहून परतल्यावर मालकाने तुमची जागा परत द्यायची असते आणि ड्रिलसाठी सुट्टी नाकारता येत नाही. पण क्लिनिक स्वतःचं असेल तर जागा परत द्यायला मालक आहे कुठे? तुमचे पेशंट, भाडं, रिसेप्शनिस्टचा पगार ही सगळी जबाबदारी तुमचीच राहते. म्हणून दोन गोष्टी लेखी करून ठेवा. एक, तुम्ही गैरहजर असताना पेशंट कोण बघेल याचा सहकाऱ्याशी करार. दोन, पेशंटच्या संमतीपत्रात एक परिच्छेद, की मी राखीव दलात आहे आणि अचानक काही महिने जावं लागू शकतं. सेवा खंडित होण्याची तरतूद आधीच करून ठेवणं एपीएच्या आचारसंहितेनुसारही तुमच्यावर येतं. आत्महत्येचा धोका असलेला पेशंट मध्येच सोडून जाणं कोणत्याही हुकुमाने नैतिक ठरत नाही.

रिक्रूटर गाठा, पण योग्य

मॉलशेजारच्या भरती कार्यालयात जाऊ नका. तिथली मंडळी अठरा-वीस वर्षांच्या मुलांना भरती करतात आणि तुमची फाइल कुठे पाठवायची हे त्यांना बहुधा माहीत नसतं. वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी वेगळे रिक्रूटर असतात, त्यांचाच नंबर मागा. नौदल आणि हवाई दलाची राखीव दलंही मानसतज्ज्ञ घेतात. नॅशनल गार्ड हे राज्याचं दल असल्याने पूर-वादळातही बोलावणं येतं. दोन-तीन ठिकाणी विचारून मगच ठरवा.

रिक्रूटर पद, पगार आणि बोनस यांवर बोलत राहील. हुद्दा ठरलेल्या हिशोबाने मिळतो: डॉक्टरेट आणि अनुभव मोजून बहुधा कॅप्टन. त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही. एका ड्रिलच्या शनिवार-रविवारचं चार दिवसांचं मूळ वेतन मिळतं, तेही ठरलेलंच. बोनस आणि शैक्षणिक कर्ज फेडण्याच्या योजना दर आर्थिक वर्षी बदलतात आणि ते वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं, म्हणून तोंडी आकडा विसरून करारात काय छापलंय तेवढंच खरं धरा.

घासाघीस करायची ती तुकडीवर. जागा कुठे रिकामी आहे? घरापासून किती मैल? येण्याजाण्याचा खर्च बहुधा तुमच्याच खिशातून जातो, आणि पाच तास गाडी हाकून दर महिन्याला जाणारा माणूस दुसऱ्या वर्षी कंटाळतो. तुकडी कोणत्या प्रकारची आहे, हेही विचारा. फील्ड हॉस्पिटल असेल तर काम बरंचसं ओळखीचं वाटेल. कॉम्बॅट स्ट्रेस कंट्रोलची तुकडी असेल तर खुर्ची-सोफा विसरा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये थॉमस सॅल्मन या मानसोपचारतज्ज्ञाने रुजवलेली पद्धत आजही तिथे पायाभूत आहे: सैनिकाला त्याच्या साथीदारांजवळच ठेवायचं, लगेच आणि थोडक्यात मदत करायची, साधे उपाय वापरायचे आणि तो परत कामावर जाणार आहे हीच अपेक्षा त्याच्यासमोर ठेवायची. झोप, गरम जेवण, अंघोळ आणि ऐकून घेणारं माणूस. पन्नास मिनिटांच्या सेशनवर वाढलेल्या मानसतज्ज्ञाला हे पचायला वेळ लागतो. मला विचाराल तर याच तुकडीत जावं, कारण फील्ड हॉस्पिटलसारखं काम तुम्ही एरवीही करताच.

कागदपत्रं

इथे मराठी माणसाची फाइल इतरांपेक्षा जाड होते. सगळ्या विद्यापीठांच्या गुणपत्रिका परस्पर विद्यापीठांकडून लागतात. भारतातली बी.ए. असेल तर तिचीही, म्हणून विद्यापीठाला आजच अर्ज टाका. ज्या ज्या राज्यांत लायसन्स होतं त्या प्रत्येक मंडळाचं पत्र, शिफारसपत्रं, नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हे सगळं लागतं.

खरा वेळ खातो तो सुरक्षा चौकशीचा फॉर्म, एसएफ-८६. त्यात दहा वर्षांतले राहते पत्ते आणि नोकऱ्या, सात वर्षांतले परदेश प्रवास, परदेशी नातेवाईक आणि संपर्क, परदेशातली मालमत्ता असं सगळं भरायचं असतं. आता विचार करा. सातारा जिल्ह्यात वडिलोपार्जित दोन एकर जमीन आहे, आजोबा गेले आणि सातबाऱ्यावर भावंडांबरोबर तुमचंही नाव चढलं. ती परदेशी मालमत्ता आहे, लिहायची. आईसोबत बँकेत जॉइंट खातं आहे, तेही लिहायचं. लग्नानंतर सासरी पहिलं नावसुद्धा बदललं असेल तर 'वापरलेली इतर नावं' या रकान्यात दोन्ही, आणि कोणतं नाव कोणत्या तारखेपर्यंत होतं तेही. मधलं नाव कधी वडिलांचं, कधी नवऱ्याचं, कधी नुसतं आद्याक्षर असा घोळ पासपोर्ट, पदवी आणि लायसन्स यांत असतोच. तो मुलाखतीत उलगडत बसण्यापेक्षा एका कागदावर आधीच मांडून ठेवा. भारतात मामा-काका असल्यामुळे कोणी नाकारलं जात नाही. लपवलेलं सापडलं तर मात्र जातं.

आणि ओसीआय कार्ड. याबद्दल रिक्रूटर काही सांगणार नाही, कारण तो त्याचा विषय नाही. परदेशी लष्करात सेवेत असलेल्या किंवा तिथून निवृत्त झालेल्या व्यक्तीला ओसीआय मिळत नाही, असा भारत सरकारचा नियम आहे. कार्ड आधीपासून असेल तर पुढे त्याचं काय करायचं हे शपथेच्या आधी भारतीय दूतावासात किंवा इमिग्रेशनच्या वकिलाकडे लेखी विचारून घ्या. ज्यांचे म्हातारे आईवडील नाशिक-कोल्हापूरला आहेत आणि रात्रीत विमान पकडावं लागू शकतं, त्यांच्यासाठी हा प्रश्न बोनसपेक्षा मोठा आहे. क्लिअरन्स मिळाल्यावर परदेश प्रवास आधी कळवावा लागतो. गणपतीला जायचं म्हणजे तिकिटाबरोबर तेही काम आलं.

मेडिकल

मेप्स या भरतीपूर्व तपासणी केंद्रावर एक लांबलचक दिवस जातो: डोळे, कान, रक्त, सांधे. जुन्या आजारांची आणि औषधांची माहिती आता इलेक्ट्रॉनिक नोंदींतून परस्पर त्यांच्यासमोर येते. स्वतः थेरपी घेतली असेल किंवा नैराश्यावर औषध चालू असेल तर सवलतीचा अर्ज करावा लागू शकतो. आपण पेशंटना मोकळेपणाने बोलायला सांगतो, तेच इथे आपल्याला लागू.

उंची-वजनाचं मोजमाप आणि फिटनेस चाचणीही असते. जून २०२५ पासूनच्या चाचणीत डेडलिफ्ट, पुशअप, ओझी ओढत-वाहत धावणं, प्लँक आणि दोन मैल धावणं असे पाच प्रकार आहेत. फाइल हलेपर्यंत महिने जातात, तेवढ्यात दोन मैल धावण्याची सवय होते.

फाइल फिरते आहे तोवर वाचायचं

निवड मंडळ, मग वरच्या मंजुऱ्या. हा काळ लांबतो. तो नुसता वाट बघण्यात घालवू नका, कारण सगळ्यात कठीण प्रश्न कोणताच फॉर्म विचारत नाही.

तुम्ही एकाच वेळी उपचार करणारे आणि अधिकारी असणार आहात. नागरी प्रॅक्टिसमध्ये गोपनीयतेच्या मर्यादा तुम्हाला पाठ असतात. लष्करात त्या वेगळ्या आहेत. संरक्षण खात्याची ६४९०.०८ क्रमांकाची सूचना आधी वाचा. कमांडरला काय कळवायचं ते त्यात आहे: स्वतःला, दुसऱ्याला किंवा मोहिमेला धोका असेल, रुग्णालयात दाखल करावं लागलं, व्यसनमुक्तीचे उपचार सुरू झाले, अशा गोष्टी. बाकीचं सांगायचं नाही आणि जे सांगायचं तेही गरजेपुरतंच. कमांडर तुमच्यापेक्षा दोन हुद्दे वर असेल आणि 'त्या पोराचं नक्की काय चाललंय?' असं जेवताना विचारेल. तेव्हा काय उत्तर द्यायचं हे आधी ठरवलेलं बरं. पहिल्या भेटीत सैनिकालाही या मर्यादा स्पष्ट सांगा. लहान तुकडीत ज्याच्याशी सकाळी उपचाराचं बोललात त्याच्याच शेजारी संध्याकाळी रांगेत उभं राहायचं असतं. दुहेरी नात्यांबद्दलचं आचारसंहितेतलं कलम तिथे जितकं उपयोगी पडतं तितकं शहरातल्या क्लिनिकमध्ये पडत नाही.

दुसरं वाचायचं ते २०१५ चं प्रकरण. दहशतवादविरोधी लढ्याच्या काळातल्या चौकशांशी मानसतज्ज्ञांचा आणि एपीएचा काय संबंध होता, यावरचा हॉफमन अहवाल त्या वर्षी आला. त्यानंतर ऑगस्टमध्ये एपीएच्या परिषदेने राष्ट्रीय सुरक्षेच्या चौकशांमध्ये मानसतज्ज्ञांनी भाग घेऊ नये असा ठराव जवळजवळ एकमताने केला. तुम्हाला असं काम कोणी सांगेल याची शक्यता कमी. तरी वर्दी घालणाऱ्या मानसतज्ज्ञाला हा इतिहास माहीत नसणं मला तरी चालण्यासारखं वाटत नाही.

शपथ आणि प्रशिक्षण

मंजुरी आली की शपथ. ती कोणी अधिकारी देतो, घरच्या दिवाणखान्यातही देता येते आणि आईवडील व्हिडिओवर बघू शकतात. त्यानंतर थेट कमिशन मिळालेल्यांचा छोटा कोर्स असतो. वर्दी कशी घालायची, सॅल्यूट कुणाला, नकाशा कसा वाचायचा. मग वैद्यकीय अधिकाऱ्यांचा पायाभूत कोर्स, ज्याचा काही भाग घरून आणि काही टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओ इथल्या फोर्ट सॅम ह्यूस्टनमध्ये होतो. तारखा आधी मागून घ्या आणि त्या आठवड्यांत नवे पेशंट घेऊ नका.

पहिलं ड्रिल

ओळखपत्र, पगाराचं खातं, घरच्यांची नावं नोंदवणं, उपचार करण्याची अधिकृत परवानगी ही कामं पहिल्याच भेटीत काढा. आरोग्य विम्याची ट्रायकेअर रिझर्व्ह सिलेक्ट योजना खासगी विम्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडते. पण माजी सैनिकांच्या व्हीए खात्यासारख्या केंद्र सरकारच्या नोकरीत असाल आणि तिथला विमा मिळत असेल तर सध्या ती घेता येत नाही.

पेन्शनसाठी अशी २० वर्षं लागतात ज्यांत प्रत्येकी किमान ५० गुण जमले. सदस्यत्वाचे वर्षाला १५, एका ड्रिलच्या शनिवार-रविवारचे चार, वार्षिक प्रशिक्षणाच्या प्रत्येक दिवसाचा एक. पेन्शन साधारण साठाव्या वर्षी सुरू होते. गुणांचा तक्ता दरवर्षी उतरवून घ्या आणि हजेरीच्या कागदांशी ताडून पाहा. त्यात चुका होतात, आणि जुन्या वर्षाची चूक दुरुस्त करताना त्या वेळचा कारकून आणि कमांडर दोघंही बदलून गेलेले असतात.