‘निर्वंश’ लिहिण्याआधी

आमच्या जांबोटी भागात बहुतेक घरांच्या वंशावळी जमिनीच्या कागदांवरून तयार झाल्या आहेत. वाटणी किंवा वारसा निघाला की घरातला एखादा जाणता उताऱ्यांवरची नावं खालीवर जुळवतो, आणि पुढे तोच कागद वेदवाक्य होतो. आमच्या घरातल्या अशा कागदावर पणजोबांच्या धाकट्या भावापुढे ‘निर्वंश’ असा शेरा होता. त्याच आधारावर तलाठ्याकडून वंशावळ निघाली, जमिनीचा सौदा ठरला, विसारही घेतला गेला. मग गोव्यातल्या सत्तरीहून वकिलाची नोटीस आली. त्या ‘निर्वंश’ माणसाला मुलगी होती. चोर्ला घाटाखाली दिलेली. तिची नातवंडं हयात होती.

सौदा मोडला, पुढे तडजोड झाली. त्या निमित्ताने मला जे कागद धुंडाळावे लागले, त्यातून कळलेलं सांगतो. उतारा खातेदार दाखवतो, घर दाखवत नाही.

आधी कागद कुठे आहेत ते समजून घ्या. १८३६पर्यंत आमचा बेळगावचा भाग धारवाड जिल्ह्यात होता आणि १ नोव्हेंबर १९५६पर्यंत मुंबई राज्यात. त्यामुळे जुनी वतनं-इनामं पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडीत, त्यानंतरचं खानापूरच्या तहसील कचेरीत मराठीत आणि १९५६नंतरचं हळूहळू कन्नडमध्ये, अशी एकाच घराची कहाणी विखुरलेली असते. मोडी वाचणाऱ्याकडून नुसता गोषवारा घेऊ नका. ओळीला ओळ लावून लिप्यंतर करून घ्या. गोषवाऱ्यात नेमकी बाईमाणसं गळतात.

देसाई, देशपांडे, पाटील, कुलकर्णी ही मुळात वतनं. थोरल्या पातीने देसाई लावलं आणि धाकट्या पातीने मूळ आडनाव ठेवलं, असं अनेक घरांत आहे. उलट, दोन देसाई एकाच कुळाचे असतीलच असंही नाही; तिथे देवक आणि कुलदैवत विचारा. १८७४च्या वतन कायद्याखाली काम करणाऱ्या वतनदाराचं नाव रजिस्टरला लागे, बाकीचे भाऊ मागे राहत. १९५०च्या कायद्याने परगणा आणि कुलकर्णी वतनं गेली. मग जमिनी परत मिळवण्यासाठी अर्ज झाले. त्या प्रकरणांत भाऊबंदांचे जबाब जोडलेले सापडू शकतात. कुळांच्या फॉर्म सातच्या फायलीही बघा. १ मार्च १९७४ला कुळवहिवाट संपली तेव्हा मालक म्हणून कुणाकुणाला नोटिसा गेल्या, ते तिथे कळतं.

नावांचा घोळ वेगळाच. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत, त्यामुळे ‘रामा बिन सटवा’, म्हणजे सटवाचा मुलगा रामा, एक पिढी सोडून पुन्हा उगवतो, बापाच्या नावासकट! एकच माणूस सत्तर-ऐंशी वर्षं खातेदार दिसला, तर ते दोघे आहेत असं धरून चाला आणि मधला वारसा फेरफार शोधा.

आता बायका. सब-रजिस्ट्रारच्या कचेरीत लोक गाव आणि सर्व्हे नंबर घेऊन इंडेक्स दोन बघतात नि परततात. इंडेक्स एक माणसांच्या नावाने असतो. पोटगीचा करार, चोळी-बांगडीसाठी लिहून दिलेला तुकडा, वाटणीपत्र यांत लेकी-सुना भेटतात. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको, हे ध्यानात ठेवा. आमच्या धाकट्या पातीचा वाटा वेगळा झाल्याचं मला इंडेक्सवरूनच कळलं. मृत्युपत्रं आणि दत्तक घेण्याची अधिकारपत्रं नोंदणीच्या तिसऱ्या पुस्तकात असतात. तेही उघडा, पण तेवढ्यावर थांबू नका, कारण मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचूनही दत्तक घेता येई, कधी कधी कित्येक वर्षांनी. दत्तकाचा प्रश्न किती पेटू शकतो, हे १८२४ साली शेजारच्या कित्तूरने पाहिलंच आहे.

लग्नाचे सरकारी दाखले मात्र फार मागे जात नाहीत. कर्नाटकाचा विवाह नोंदणी कायदाच १९७६चा. त्याआधीसाठी लग्नपत्रिका, लग्नाची याद आणि आहेराची वही हाच बहुतेकदा आधार. आहेराच्या वहीत गावासकट सोयरे असतात, म्हणून ती रद्दीत घालू नका. सासरी नाव बदलतं, तेव्हा मुलीचं माहेरचं आणि सासरचं नाव एकाच ओळीत टिपा. लेक गोव्यात दिली असेल तर नशीब समजा. तिथे १८७०पासून पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे. मिळकत नवरा-बायकोची सामाईक धरली जाते, त्यामुळे खरेदीखतात बायकोही येते. आमच्या धाकट्या पातीच्या त्या लेकीचा माग तिकडच्या लग्ननोंदीतूनच लागला. तिच्या बापाचं नाव त्यात होतं.

वंशावळ मांडताना दोन पिढ्यांमधला दुवा निदान दोन कागदांनी पक्का करा: एक मिळकतीचा, दुसरा लग्नाचा किंवा दत्तकाचा. एकच मिळाला तर तुटक रेघ काढा. पुढचा कुणी सापडला नाही तर ‘कागद मिळाला नाही’ एवढंच लिहा. ९ सप्टेंबर २००५पासून लेक जन्माने सहदायाद आहे, आणि त्या तारखेला बाप हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२०ला स्पष्ट केलं. तेव्हा शपथपत्रावर सही करण्याआधी मसुदा माहेरवाशिणींच्या घरी न्या आणि मोठ्याने वाचून दाखवा. कोर्टात कळण्यापेक्षा तिथे कळलेलं स्वस्त पडतं.