वैमानिक प्रशिक्षण संस्थेची निवड : काही कसोट्या

मुंबई फ्लाइंग क्लबमध्ये शिकलेल्या जे. आर. डी. टाटा यांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिला गेलेला तो पहिला परवाना होय. त्या काळी विमानचालन हा मोजक्या धनिकांचा छंद होता. आज धुळे आणि गोंदियाजवळील बिरसी येथे शिकाऊ वैमानिक उड्डाणे करतात, आणि सामान्य कुटुंबांतील मुलेमुलीही या व्यवसायाची आकांक्षा बाळगतात. हे शिक्षण मात्र अतिशय खर्चाचे आहे. त्यासाठी घर किंवा जमीन तारण ठेवणाऱ्या पालकांना संस्थेची निवड डोळसपणे करावी लागते.

आधी आरोग्य तपासणी

व्यापारी वैमानिक परवान्यासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. वैद्यकीय तपासणी प्रथम वर्ग २ ची व नंतर वर्ग १ ची होते. दृष्टी, रंगज्ञान, श्रवणशक्ती व हृदय यांची त्यात कसून परीक्षा होते. वर्ग १ चा निर्णय हाती येण्यापूर्वी शुल्क भरणे शहाणपणाचे नाही.

मान्यता आणि श्रेणी

संस्थेस नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे किंवा नाही, हे महासंचालनालयाच्या यादीवरून पडताळावे. जाहिरातीवर विसंबू नये. महासंचालनालयाने १ ऑक्टोबर २०२५ पासून या संस्थांची श्रेणीवारी सुरू केली आहे. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था आली नव्हती, ही बाब पुरेशी बोलकी आहे.

तासांचा हिशेब

परवान्यासाठी साधारणतः २०० तासांचे उड्डाण आवश्यक असते. त्यांपैकी १०० तास विमानाची सूत्रे स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळावी लागतात. सुमारे ५५५ किलोमीटरचा एक दूरपल्ल्याचा प्रवास आणि रात्रीचे उड्डाणही त्यात येते. हे तास किती महिन्यांत पूर्ण होतील, हाच निवडीतील कळीचा प्रश्न होय.

उदाहरणार्थ, एखाद्या संस्थेकडे १० विमाने आहेत व त्यांतील ३ दुरुस्तीत आहेत, असे समजू. उरलेली ७ विमाने महिन्यातील २० दिवस रोज ५ तास उडाली, तर ७०० तास मिळतात. विद्यार्थी १४० असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला महिन्याला ५ तास येतात आणि २०० तासांस ४० महिने लागतात. विद्यार्थी ७० असतील, तर हेच काम २० महिन्यांत होते. पावसाळ्यात ही गती आणखी मंदावते. उशीर झाला की निवास-भोजनाचा खर्च व कर्जावरील व्याज वाढत जाते. शिवाय उड्डाणात दीर्घ खंड पडल्यास शिकलेले कौशल्य पुन्हा गिरवावे लागते.

म्हणून संस्थेत किती विमाने आहेत, हे विचारून थांबू नये. प्रत्यक्ष उडणारी विमाने किती, प्रशिक्षक किती, देखभालीची सोय जागेवर आहे काय, आणि मागील तुकडीस किती महिने लागले, हे विचारावे. शक्य तर दोन दिवस तेथे राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्यांशी बोलावे.

शुल्क आणि करार

संपूर्ण शुल्क एकरकमी न भरता प्रगतीनुसार हप्त्यांनी भरण्याची मुभा मागावी. इंधन, परीक्षा, गणवेश, वसतिगृह व जादा तास यांचा खर्च त्यात धरला आहे काय, आणि शिक्षण अर्धवट सुटल्यास किती रक्कम परत मिळेल, हे लेखी घ्यावे. नोकरीच्या तोंडी हमीस काहीच अर्थ नसतो, कारण परवाना मिळाल्यावरही विमान कंपनीची निवड आणि विशिष्ट विमानाचे स्वतंत्र, खर्चिक प्रशिक्षण बाकीच असते.

गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांच्याकडे पालक सल्ल्यासाठी येतात. त्यांनी वरील प्रश्न कागदावर लिहून पालकांच्या हाती दिले आणि उत्तरे लेखी मिळेपर्यंत सही न करण्याचा सल्ला दिला, तर एखादे कुटुंब कर्जाच्या खाईतून निश्चित वाचेल.