केमोथेरपी, हृदय आणि अर्जुनसाल

"डॉक्टर, केमो सुरू आहे. हृदयाला बळ यावे म्हणून अर्जुनसालीचा काढा दिला तर चालेल का?" नागपूर, सेवाग्रामहून उपचार घेऊन परतलेल्या रुग्णांचे नातेवाईक मला हा प्रश्न हमखास विचारतात. प्रश्न रास्त आहे.

स्तनाच्या व लसिकाग्रंथींच्या कर्करोगात डॉक्सोरुबिसिन हे लाल रंगाचे औषध शिरेतून देतात. १९६०च्या दशकात इटलीतील शास्त्रज्ञांनी ते मातीतील जिवाणूंपासून मिळवले. ते दिल्यावर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, त्याला घाबरू नये. मात्र कर्करोगाच्या पेशींबरोबर हे औषध हृदयाच्या स्नायुपेशींनाही इजा करू शकते. या पेशी एकदा नष्ट झाल्या की जवळजवळ भरून येत नाहीत. औषधाची एकूण मात्रा वाढते तसा धोका वाढतो. म्हणून तज्ज्ञ प्रत्येक डोसाचा हिशेब ठेवतात.

आता अर्जुनाकडे वळू. आपल्याकडे नदी-नाल्याकाठी हा वृक्ष दिसतो. त्याच्या सालीतील आणि हळदीतील काही द्रव्यांनी प्रयोगशाळेतील उंदरांच्या हृदयाची ही हानी कमी झाल्याचे आढळले आहे. परंतु केमो घेणाऱ्या माणसांत असे संरक्षण मिळते, हे अद्याप भक्कमपणे सिद्ध झालेले नाही.

दुसरी बाजूही लक्षात घ्या. हृदयाच्या पेशीला वाचवणारे द्रव्य कर्करोगाच्या पेशीलाही वाचवू शकते. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात हळदीतील करक्युमिनमुळे उंदरांमध्ये सायक्लोफॉस्फामाइड या केमोच्या औषधाचा परिणाम घटल्याचे दिसले. भाजी-वरणातील चिमूटभर हळदीची धास्ती नको. पण काढे, चूर्णे, कॅप्सूल कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नयेत.

मग हृदय जपायचे कसे? उपचारापूर्वी इको तपासणी करावी आणि पुढे तज्ज्ञ सांगतील तेव्हा पुन्हा करावी. रक्तदाब, मधुमेह, जुना हृदयविकार किंवा छातीला पूर्वी दिलेले शेक यांची माहिती लपवू नये. गरज भासल्यास डेक्सराझोक्सेन हे हृदयरक्षक इंजेक्शन तज्ज्ञ देतात.

चालताना धाप लागणे, पायांवर सूज, छातीत धडधड, उताणे झोपल्यावर गुदमरणे ही लक्षणे दिसताच डॉक्टरांना गाठावे. ती उपचार संपल्यावर काही वर्षांनीही उद्भवू शकतात. म्हणून केमोचे कागद जपून ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरकडे जाताना सोबत न्या.