‘कर्मा’तील गीत आणि लखनौची स्वरलिपी

मे १९३३ मध्ये लंडनला प्रथम प्रदर्शित झालेल्या ‘कर्मा’ या बोलपटाचा निर्देश आज बहुधा त्यातील चुंबनदृश्यापुरताच होतो. वाङ्मयाच्या अभ्यासकाने खरे तर त्यातील गीताकडे पाहावयास हवे. निर्माते हिमांशु राय, दिग्दर्शक जे. एल. फ्रीअर-हंट, बाह्यचित्रण भारतातले, पुढील संस्कार लंडनच्या स्टोल स्टुडिओतले, आणि एकाच कथेच्या इंग्रजी व हिंदी अशा दोन आवृत्त्या. त्यातील इंग्रजी गीत देविकाराणीने गायिले; चित्रपटाचे संगीत अर्न्स्ट ब्रॉडहर्स्ट यांचे होते. लंडनकरांनी तिचे इंग्रजी उच्चार वाखाणले. भारतात मात्र चित्रपट चालला नाही.

संवादाचे भाषांतर होते, चालीचे तसे होत नाही. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’चीही (१९३२) मराठी व हिंदी अशी दोन रूपे निघाली, पण तेथे गोविंदराव टेंबे यांच्या संगीताला दोन्ही भाषांत रागदारीचे एकच अंगण लाभले होते. ‘कर्मा’पाशी असे सामाईक अंगण नव्हते. भांडवल व तंत्र यांची भागी झाली, कानाची झाली नाही.

पुढे १९३४ मध्ये राय यांनी मालाड येथे बॉम्बे टॉकीज उभी केली. दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन व छायालेखक योझेफ विर्शिंग हे जर्मन तंत्रज्ञ तेथेही होते. संगीताची सूत्रे मात्र खुर्शीद मिनोचर-होमजी यांच्याकडे गेली. पारशी समाजाच्या विरोधामुळे त्यांना ‘सरस्वतीदेवी’ हे नाव घ्यावे लागले, ही गोष्टही विसरण्यासारखी नाही. त्यांचे शिक्षण पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्याकडे आणि लखनौच्या मॅरिस कॉलेजात झाले होते. गोमतीच्या उत्तरेस अलीगंज, दक्षिणेस कैसरबाग; या कैसरबागेतच १९२६ मध्ये स्थापन झालेले हे विद्यालय रुजले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ हा मराठी ग्रंथ गुरुशिष्यसंवादाच्या रूपात लिहिणाऱ्या भातखंड्यांनी घराण्यांतील चिजा स्वरलिपीत उतरविल्या. घराण्यातील साऱ्यांना हे रुचले नाही, आणि त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असेही नाही: मींड व गमक कागदावर पुरते उतरत नाहीत.

पण बोलपटाला नेमकी हीच शिस्त उपयोगी पडली असावी. ‘अछूत कन्या’त (१९३६) अशोककुमार व देविकाराणी यांनी आपली गाणी स्वतःच गायिली. दोघेही कसलेले गायक नव्हते. म्हणून सरस्वतीदेवींनी चाली थोड्या स्वरांच्या, बोलण्याच्या लयीजवळच्या ठेवल्या. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या चालीवर इंग्रजी गाणारा तोच कंठ येथे ऑस्टेन यांच्याच दिग्दर्शनाखाली हिंदी गातो, आणि या वेळी भारतीय श्रोता तो आपला मानतो.