पाठ : थकवा आणि रक्ताचा कागद

एखादा माणूस रात्रभर झोपतो, तरी सकाळी त्याला उठवत नाही. दोन घागरी पाणी आणले की मटकन खाली बसतो. "अंगात त्राणच नाही," म्हणतो. घरचे म्हणतात, "आळशी झालाय." आम्ही सांगतो, नावे ठेवण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

थकव्याची कारणे पुष्कळ आहेत. रक्त कमी असते, साखर वाढते, थायरॉइड मंदावते. डॉक्टर ही कारणे तपासतात. आणखीही एक कारण आहे. ते क्वचित आढळते. पण ओळखले नाही तर जिवावर बेतते.

आपल्या प्रत्येक मूत्रपिंडावर टोपीसारखी एक लहान ग्रंथी असते. तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात. डॉक्टर तिला ॲड्रिनल म्हणतात. ती कॉर्टिसॉल नावाचा रस रक्तात सोडते. हा रस रक्तदाब सांभाळतो आणि आजाराला तोंड द्यायचे बळ देतो. रस कमी पडला की थकवा येतो, भूक जाते, वजन घटते, उठताना चक्कर येते. ग्रंथीच बिघडली असेल तर खारट खावेसे वाटते. हिरड्या व तळहाताच्या रेषा काळवंडतात. लंडनचे डॉक्टर थॉमस ॲडिसन यांनी १८५५ साली या आजाराचे वर्णन छापले.

क्षयाने ही ग्रंथी बिघडू शकते. दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी पुष्कळ दिवस घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या एकदम सोडल्या, तरीही रस कमी पडतो.

कागद कसा वाचावा?

तपासणीचे नाव, आपला आकडा, माप आणि नेहमीची मर्यादा, एवढे आधी शोधा. गुणपत्रिकेत जास्त गुण म्हणजे चांगले. इथे तसे नाही. आकडा मर्यादेच्या खाली आहे की वर, हे पाहायचे.

कॉर्टिसॉल सकाळी भरपूर असते, मध्यरात्री अगदी कमी. म्हणून रक्त सकाळी आठ-नऊच्या सुमारास द्यावे. दुपारच्या आकड्याने फसगत होते. चालू असलेल्या गोळ्या आधी सांगाव्यात. सकाळचा आकडा डेसिलिटरला ३ मायक्रोग्रॅमहून कमी आला, तर आजाराचा दाट संशय येतो. आकडा मधलाच आला, तर डॉक्टर एक इंजेक्शन देऊन अर्ध्या तासाने व तासाने पुन्हा रक्त घेतात. ग्रंथी बिघडली असेल तर सोडियम कमी आणि पोटॅशियम जास्त दिसू शकते.

दिवस कसा काढावा?

कमी पडलेला रस गोळीने भरून काढतात. हायड्रोकॉर्टिसोनची मोठी मात्रा उठल्याबरोबर, बाकीची पुढे दिवसा घेतात. जड काम सकाळी करावे, मध्ये विसावा घ्यावा, जेवण चुकवू नये. तरी थकवा राहिला तर डॉक्टरांना सांगावे. गोळी आपल्या मनाने वाढवू नये.

लक्षात ठेवा

१. गोळी एकदम कधीही बंद करू नये.
२. ताप आला तर मात्रा बहुधा दुप्पट लागते. किती, ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.
३. उलटीने गोळी पोटात ठरत नसेल, तर ताबडतोब दवाखाना गाठावा. तिथे इंजेक्शन लागते. वाट पाहू नये.

अभ्यास

१. कॉर्टिसॉलसाठी रक्त सकाळी का देतात?
२. आपले नाव, आजाराचे नाव आणि गोळीचे नाव एका चिठ्ठीवर लिहा. अशी चिठ्ठी रोग्याने सदैव खिशात ठेवावी.