मत चढवतं, मत उतरवतं

मंडळी, आपल्याच बीड जिल्ह्यात परळीजवळ नाथ्रा हे गाव आहे. तिथं १९४९ साली शेतकऱ्याच्या घरी गोपीनाथराव मुंडे जन्मले.

१९७८ साली लोकांनी त्यांना जिल्हा परिषदेवर निवडून दिलं. रस्ते, शाळा, दवाखाने ही कामं जिल्हा परिषद बघते.

१९८० साली ते रेणापूर मतदारसंघातून आमदार झाले. आमदार विधानसभेत बसतो. तिथं राज्याचे कायदे होतात.

१९८५ साली मात्र ते पडले. लोकांनीच पाडलं. पण ते घरी बसले नाहीत. पक्षाचं काम करीत राहिले. १९९० साली त्याच मतदारसंघानं त्यांना पुन्हा निवडलं. १९९५ साली ते उपमुख्यमंत्री झाले. २०१४ साली दिल्लीत मोटारीच्या अपघातात ते वारले.

पाहा, चढवलं मतानं, उतरवलंही मतानंच. ते मत तुमच्याजवळ आहे. आपलं तलवाडा गेवराई मतदारसंघात येतं. आजवर दुसरा सांगेल त्या खुणेवर बोट ठेवलं. आता तुम्हाला अक्षर येतं. यंत्रावरचं नाव स्वतः वाचा, मग बटण दाबा. आणि पुढची पाच वर्षं आमदाराला कामाचा हिशेब विचारा.

सांगा बरं : आमदार कुठं बसतो? त्याला तिथं कोण पाठवतं?