पडद्यावरचा संशय आणि घरातला संशय

परवा लॉरेल आणि हार्डी, म्हणजे आपल्याकडचे ‘जाड्या-रड्या’, यांचा ‘वी फॉ डाउन’ हा १९२८ सालचा मूकपट पुन्हा एकदा पाहिला. अमेरिकेतल्या हॅल रोच यांच्या स्टुडिओचा हा विनोदपट जेमतेम वीस मिनिटांचा. खर्चाचे काम नाही. एक रस्ता, दोन-तीन खोल्या आणि भरपूर धडपड.

पत्ते खेळायला जायचे म्हणून दोघे बायकांना थाप मारतात, की साहेबांबरोबर ऑर्फियम थिएटरात जायचे आहे. वाटेत दोन अनोळखी तरुणींना मदत करताना ते भिजतात आणि कपडे वाळवायला त्यांच्या घरी जातात. इकडे ऑर्फियमला आग लागल्याचे कळते. बायका घाबरून धावत निघतात, तर नवरे परक्या घराच्या खिडकीतून उतरताना दिसतात! घरी आल्यावर हार्डी न पाहिलेल्या खेळाचे रसभरित वर्णन करतो. शेवटी बंदूक निघते आणि तिच्या आवाजाने आजूबाजूच्या खिडक्यांतून कितीतरी नवरे उड्या टाकतात. पोट धरून हसलो.

पण मानसोपचाराच्या दृष्टीने यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. या बायकांचा संशय पुराव्यामागून येतो. आधी थाप उघडी पडते, मग त्या चिडतात. नवऱ्यांनी पत्त्यांचे खरे सांगितले असते, तर फार तर भांडण होऊन मिटले असते. आजारातल्या संशयाची चाल नेमकी उलटी असते. तिथे खात्री आधी आणि पुरावा मागून शोधला जातो. भाजीवाल्याशी दोन शब्द जास्त बोलली, कामावरून यायला दहा मिनिटे उशीर झाला, उशीवर केस सापडला, एवढे पुरते. कपडे तपासणे, पाठलाग, रात्र रात्र उलटतपासणी. “एकदा कबूल कर, मग मी विसरून जाईन,” असे म्हणतात. छळाला कंटाळून कोणी खोटेच कबूल केले, तरी दुसऱ्या दिवशी नवे प्रश्न तयार!

शेक्सपिअरच्या नाटकावरून १९५५ साली या विकाराला ‘ऑथेल्लो सिंड्रोम’ असे नाव मिळाले. देवलांचे ‘झुंझारराव’ ज्यांना ठाऊक आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. दीर्घकाळच्या दारूशी याचा जवळचा संबंध आहे. म्हातारपणी स्मृतिभ्रंशात आणि कंपवाताच्या काही औषधांमुळेही असा संशय उद्भवू शकतो. सत्तरीच्या आजोबांनी अचानक आजींवर आळ घेतला, तर नातलग हसण्यावारी नेतात किंवा लाजेने झाकतात. त्याऐवजी डॉक्टरांना सांगावे. पुष्कळदा औषध बदलून वा मात्रा कमी करून फरक पडतो. मात्र गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत.

जोडीदाराने काय करावे? शपथा घेऊ नयेत, वाद घालून पटवत बसू नये. भ्रम युक्तिवादाने जात नाही. “तुमची झोप उडाली आहे, चिडचिड वाढली आहे, त्यासाठी दाखवू या,” असे म्हटले तर रुग्ण पुष्कळदा तयार होतो. मानसोपचारतज्ज्ञांची औषधे नियमित घेतली आणि दारू सुटली, तर अनेकांचा संशय ओसरतो. अंगारे-धुपारे करण्यात महिने घालवू नयेत.

धमकी, मारहाण, हत्यार दाखवणे, घरात कोंडणे यांपैकी काही सुरू झाले असेल, तर उपचाराची वाट पाहात तिथे थांबू नका. आधी मुलांसह सुरक्षित जागी जा. या विकारात जोडीदाराच्या जिवाला खरोखर धोका असतो, आणि घर सोडताना तो वाढू शकतो. म्हणून निघण्याची वेळ बोलून दाखवू नका, विश्वासाच्या एका माणसाला मात्र सांगून ठेवा. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत; मानसिक आजाराबाबत सल्ल्यासाठी सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १४४१६ वर मोफत मिळते.